घाबरू नका

‘जीव घाबरा होतोय’ म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्यानं मराठी माणसाच्या छातीला यंत्र लावू नये. माझं म्हणणं एवढं साधं आहे. हे मी ऑफिसात सांगितलं, सरकारी बैठकीत सांगितलं, घरी नवऱ्याला सांगितलं, आणि प्रत्येकानं मला ‘स्नेहल, जरा शांत हो’ असं ऐकवलं. मी शांत होणार नाही.

माझी छायाआत्या मिरजेला राहते. ती आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, घरच्या घरी भडंग करून दुकानांना पुरवतात. साठी उलटलेली बाई, पण चुरमुऱ्याचं पोतं स्वतः ओढत आत आणायची. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कढईत शेंगदाणे तळताना तिला दरदरून घाम फुटला. मळमळायला लागलं, जबडा आवळून आला. गॅस बंद करून ती भिंतीला टेकून खाली बसली आणि छातीवर चिकटवलेल्या ‘राखण’ नावाच्या बोलत्या यंत्राला म्हणाली, "जीव घाबरा व्हायलाय गं. काय सुधरंना."

राखण म्हणाली, "घाबरू नका. आपण सुरक्षित आहात. माझ्यासोबत चारपर्यंत अंक मोजत श्वास आत घ्या."

आत्यानं घेतला. सरकारी आरोग्य केंद्रानं दिलेली वस्तू, गल्लीत जो तो तिचं कौतुक करणारा, मग तिचं का ऐकायचं नाही? मामा शेजारी बसून आकडे मोजू लागले. तरी त्यांना राहवेना म्हणून त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या पेशंटचा रंग हिरवा दाखवतोय. हिरव्याला गाडी सोडता येत नाही मला." मामांनी फोन ठेवला आणि पुन्हा आकडे मोजायला बसले. दुपार कलायला लागली तेव्हा शेजारची जयश्री डोकावली. तिनं आत्याचा चेहरा बघितला आणि कुणालाही न विचारता दारात उभ्या असलेल्या चुरमुऱ्याच्या टेम्पोत तिला घातलं. आत्या वाचली ती त्या टेम्पोमुळे. तो हार्ट अटॅक होता आणि तोवर तिच्या हृदयाची मागची बाजू जवळजवळ निकामी झाली होती.

राखण आमच्या कंपनीची. अमेय, माझा नवरा, तिच्या संस्थापकांपैकी एक आणि राखणीचा प्रमुख. मी तिथली सुरक्षा अधिकारी. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक वैद्यकीय उपकरणामागे असा एक माणूस नेमावा लागतो, आणि उपकरण धोक्याचं वाटलं तर ते बंद करायचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हातात असतो. मी ही जागा घेतली तेव्हा अमेय हसून म्हणाला होता, "बघ हं, नवऱ्याचा धंदा बंद पाडशील." आम्ही दोघंही हसलो होतो.

राखण कशी चालते ते सांगते, कारण गोम तिथंच आहे. रुपयाएवढी चकती. ती छातीवर चिकटते आणि हृदयातून जाणारी वीज मोजते. पण दवाखान्यात ईसीजी काढताना छातीभर तारा लावतात, तेव्हा हृदय सगळीकडून दिसतं. एका चकतीला एकाच खिडकीतून दिसतं. हृदयाच्या मागच्या बाजूला रक्त अडलं तर त्या खिडकीतून बऱ्याचदा काहीच कळत नाही. म्हणून आम्ही तिला आणखी काही गोष्टी दिल्या. ती नाडी बघते, घाम बघते, आणि माणूस काय बोलतोय ते ऐकते. पेशंटचे शब्द ऐकून डॉक्टर निम्मं निदान करतो, मग यंत्रानं का करू नये, असा विचार होता. विचार चांगलाच होता, अजूनही मी तसंच म्हणते. या सगळ्याची गोळाबेरीज करून राखण रंग ठरवते. लाल म्हणजे ॲम्ब्युलन्स, पिवळा म्हणजे डॉक्टरकडे जा, हिरवा म्हणजे आराम करा. ॲम्ब्युलन्स कमी आणि फोन फार, म्हणून साठीच्या पुढच्यांसाठी सरकारनं गाडी या रंगालाच बांधून टाकली.

आता गोळाबेरजेत काय होतं ते बघा. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला, तर आपल्याला वाटतं, चोर असेल. तेवढ्यात ओट्यावर मांजर दिसलं की आपण म्हणतो, हात्तिच्या, आणि परत झोपतो. मांजर दिसल्यानं चोर पळून जात नाही, पण आपला संशय जातो. राखणीचं गणित असंच आहे. घाम आणि धडधड दिसली की तिचा दोघांवर संशय असतो, हृदयावर आणि भीतीवर. पेशंट स्वतःच्या तोंडानं ‘मला भीती वाटते’ म्हणाला की भीती पकडली गेली आणि हृदय सुटलं. भीतीचे गुण हृदयाच्या गुणांतून वजा होतात. आत्याला फुटलेला घाम तिच्या बाजूनं साक्ष देत होता. तिच्याच शब्दांनी ती साक्ष खोडून काढली.

कारण ‘जीव घाबरा होतोय’ हे राखणीला भीती म्हणून शिकवलं होतं.

लक्षणांचे शब्द मुळात इंग्रजीतून आले. तिथल्या ‘अँग्झायटी’समोर कुणीतरी मराठी लिहिलं, भीती, चिंता, जीव घाबरणे. संपलं. मग त्याच मापानं हजारो आवाज ऐकून राखण शिकत गेली. हे परक्यांनी केलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. आमच्या त्या टीममध्ये एकही परका नव्हता. कुणी साताऱ्याचा, कुणी नाशिकची, कुणी कोथरूडचा. घरी आजीचा जीव घाबरा झाला की हीच मुलं चप्पल न घालता रिक्षा बघायला धावतील. तेव्हा कुणी आजीला ‘भिऊ नकोस’ म्हणून श्वास मोजायला बसवणार नाही. ऑफिसात शिरलं की मात्र आईनं शिकवलेली भाषा बाहेर बुटांच्या शेजारी काढून ठेवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या गोष्टीनं.

राखण पेशंटचं प्रत्येक बोलणं जपून ठेवते. माझ्या कामाचा भाग म्हणून मी आत्याचा आवाज ऐकायला बसले. आत्या मध्येमध्ये कण्हत होती. राखण गोड आवाजात आकडे म्हणत होती आणि तिच्या मागोमाग मामांचा खरखरीत आवाज, "एक... दोन... घे गं, घे... तीन..." आत्या एकदा म्हणाली, "आवो, मी भ्यायले नाय वो." मामा म्हणाले, "भिऊ नगंस." मी हेडफोन काढले आणि तडक अमेयच्या केबिनमध्ये गेले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. आत्या आजारी पडल्यावर दवाखान्यात दोन वेळा जाऊन बसलेला माणूस तो, दगड नाही. पण म्हणाला, "शब्द बदलायचा म्हणजे गणित बदलायचं. गणित बदललं की नव्यानं प्रमाणपत्र. वर्ष जाईल, स्नेहल."

"मग वर्षभर काय करायचं?"

"लोकांना नीट बोलायला शिकवू," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण पुढच्या आठवड्यात पोस्टर छापून आलं. ‘योग्य शब्द, योग्य उपचार.’ डाव्या बाजूला लाल फुली आणि ‘असे म्हणू नका : जीव घाबरा होतोय.’ उजव्या बाजूला हिरवी खूण आणि ‘असे म्हणा : छातीत दुखत आहे.’ खाली एक हसरी आजी. तिचं नऊवारी इतकं कडक इस्त्रीचं होतं की ती आयुष्यात कधी खाली बसली असेल असं वाटेना.

आत्याला घरी सोडलं तेव्हा आम्ही दोघं मिरजेला गेलो. अमेयला वाटत होतं, आत्याला पोस्टर समजलं तर कुणालाही समजेल. आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. तीन पावलं चालली तरी तिला धाप लागत होती. कढई माळ्यावर गेली होती. तरी जावई आला म्हणून तिनं मामांकडून चहा करवून घेतला आणि साखर कमी पडली म्हणून त्यांना दोन शब्द सुनावले. मग पोस्टर हातात घेऊन चष्मा लावून सगळं वाचलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "पर माझ्या छातीत दुकतच नव्हतं की."

"हो आत्या, बायकांना बऱ्याचदा नाही दुखत. पण तसं म्हटलं की राखणीला कळतं."

"म्हंजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही हो. छातीवर दडपण आलंय, असं म्हणायचं."

"दडपान." आत्यानं शब्द चघळून बघितला. "जीव जायला लागला की मानसाच्या तोंडात त्येच्या आईचं बोलनं येतं वो. तवा ह्ये कागदावरचं आटवायचं व्हय? मरताना बी परीक्षा द्यायची?"

आत्याच्या आवाजात धाप होती, पण ती थांबेना. "मी भडंगाची भट्टी चालवली. सासऱ्यास्नी शेवटाला मी एकटीनं उचललं. कृष्णेच्या पुरात पोरं पाटकुळी घिऊन निगाले. कुनी मला भित्री म्हनलं न्हाई. तुमचा ह्यो डबा म्हनला. आन् ह्येनी त्येचं ऐकलं."

ती मामांकडे बघत नव्हती. मामा दाराच्या चौकटीत उभे होते. त्यांच्या हातात चहाची किटली तशीच होती. "मी बी तिला भिऊ नगंस, भिऊ नगंसच म्हनत ऱ्हायलो बघ, स्नेहल," ते मला म्हणाले. "मला काय म्हाईत? मशीनला कळतंय म्हनल्यावर आपन कोन?" आणि तो धट्टाकट्टा माणूस माझ्यासमोर हमसाहमशी रडायला लागला. मला त्या क्षणी अमेयचं ते पोस्टर टराटरा फाडावंसं वाटलं. मी फाडलं नाही, कारण ते आत्याच्या मांडीवर होतं.

परतताना गाडीत आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"तोडगा साधा आहे," मी म्हणाले. "भीतीचे गुण वजा करणं बंद करा. कुणी घाबरलंय म्हणून त्याचं हृदय निरोगी ठरत नाही."

"मग अर्ध्या बायकांना लाल रंग येईल आणि फुकट गाड्या पळतील. फुकट गाड्या पळू नयेत म्हणून तर सरकारनं राखण घेतली."

"बायका उगाच घाबरतात, हे तुमच्या गणिताला शिकवलं कुणी?"

"आकड्यांनी."

"ते आकडे कुणाच्या दवाखान्यातले? जिथं बायकांना घरी पाठवून देतात, तिथलेच ना?"

मग त्यानं खरा मुद्दा काढला, आणि तो मुद्दा मी आजही खोडू शकत नाही. "राखणीनं किती जणांना वाचवलंय हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. ज्यांच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडतात, ज्यांना काही जाणवतही नाही, त्यांना ती एका चकतीवरून ओळखते. तिथं शब्द लागत नाहीत. तुझ्या हातात फक्त एकच बटण आहे, सगळी राखण बंद करायचं. अर्धी बंद होत नाही. केलीस बंद तर हे लोक मरतील. मग त्यांच्या घरी तू जाशील का?"

तो जिंकला असं त्याला वाटलं असेल.

‘जीव घाबरा होतोय’ म्हटल्यावर ज्यांना हिरवा रंग मिळाला, अशा इतरांचे आवाज मी पुढचे काही दिवस शोधत होते. जवळजवळ सगळ्या बायका निघाल्या. मी त्यांच्या घरी फोन लावले. बहुतेक जणी बऱ्या होत्या. एकीनं तर मला रेसिपी विचारली, तिला वाटलं मी टीव्हीवरच्या कार्यक्रमातून बोलतेय. जतजवळच्या एका वस्तीवर सुनेनं फोन उचलला. मी विचारलं, "गुणाबाईंची तब्येत कशी आहे?" ती म्हणाली, "त्या गेल्या की. तवाच. राखण म्हनली पडून ऱ्हावा, म्हून पडल्या." असं आणखी दोन घरी ऐकलं. त्या कुणाचीही तक्रार आली नव्हती. म्हातारी माणसं जातातच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

सरकारी बैठक पुण्यात होती. राखण उरलेल्या सगळ्या जिल्ह्यांत न्यायची, हा तिथला विषय. अमेयनं पोस्टर दाखवलं. एक अधिकारी म्हणाले, छान, शाळांतही लावू या. मी उभी राहून गुणाबाईंचं नाव घेतलं, बाकीच्या दोघींचं घेतलं, माझ्या आत्याचं घेतलं. टेबलाभोवती बसलेल्या बायकांना मी विचारलं, "तुमचा जीव कधी घाबरा झालाय का? तेव्हा तुम्ही भ्यायला होतात का?" त्यातल्या एका वयस्कर बाईंनी नकळत मान हलवली, नाही. मग इकडेतिकडे बघून त्या पाणी प्यायल्या. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना पोचल्या. राखण चालू ठेवून सुधारणा सुचवा."

"सुचवलेली आहे. मी आता बंद करतेय," मी म्हणाले.

मी तिथंच, त्यांच्यासमोर, लॅपटॉप उघडून माझ्या अधिकारात राखण थांबवली. ज्या ज्या जिल्ह्यात ती होती तिथल्या सगळ्या चकत्या गप्प झाल्या. गाड्या परत फोनवर सुटू लागल्या. अमेयनं घरी येऊन बॅग भरली आणि म्हणाला, "तू आत्याचा सूड घेतलास. त्याची किंमत दुसरेच कुणी देणार." आणि तो त्याच्या आईकडे राहायला गेला. त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं, मी एवढी हट्टी का. मी म्हणाले, "आई, तुमचा जीव घाबरा झाला तर काय वाटतं तुम्हाला?" त्यांनी फोन ठेवला.

आता यापुढचं ऐका, कारण माझा खरा संताप इथं आहे. ज्याला वर्ष लागणार होतं, ते काम पंधरवड्यात झालं. राखण बंद म्हटल्यावर सरकार हादरलं, कंपनी हादरली. जुने आवाज परत काढले. साताऱ्याच्या मुलाला आणि नाशिकच्या मुलीला सांगितलं, जा, आपापल्या घरी विचारून या. ती बिचारी विचारून आली. ‘जीव घाबरा’ हृदयाच्या खात्यात गेलं, भीतीची वजाबाकी काढून टाकली, तातडीचं प्रमाणपत्र मिळालं आणि राखण परत बोलू लागली. कुणाचे हात बांधलेले नव्हते. कुणाला घाई नव्हती, एवढंच. गुणाबाई मेल्या तरी घाई नव्हती. दुकान बंद झालं तेव्हा घाई झाली.

माझ्या जागी दुसरा माणूस नेमला गेला. मी टेबल आवरत होते तेव्हा फोन वाजला. तासगावहून उमेश लोंढे नावाचा माणूस बोलत होता.

"राखण बंद केल्याली ती म्याडम तुम्हीच का?"

"हो. मीच."

"आमचे अण्णा एस्टीत ड्रायव्हर हुते. त्यांच्या ठोक्यांचा कायतरी घोळ हुता. मागं राखणीनं वळखलं, लाल झाली, गाडी दारात आली, वाचले. ह्या बंदच्या दिवसांत जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत. कुनाला कळलंच न्हाई. राखण चालू असती तर कळलं असतं न्हवं?"

मला खोटं बोलता आलं असतं. नक्की सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक कळलं असतं."

तो शिव्या देईल म्हणून मी वाट बघत राहिले. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं दिल्या नाहीत. मग मी त्याला सगळं सांगितलं. आत्याचं, गुणाबाईंचं, त्या शब्दाचं, मी बंद का केली ते. तो मध्येमध्ये "व्हय, व्हय" म्हणत होता. त्याच्या मागं घरात माणसं बोलत होती, भांडी वाजत होती. दहाव्या-बाराव्याचं काहीतरी असावं.

"जीव घाबरा म्हंजे भ्यालंय असं कळत हुतं मशीनला?" त्यानं विचारलं.

"हो."

"आता नीट केलंय?"

"केलंय."

"किती दिस लागले?"

"पंधरवडा."

मग त्यानं ते विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखाद्या खिडकीवर चौकशी करावी तसं.

"पंधरवड्यात हुनार हुतं, तर आदीच का न्हाई केलं, म्याडम? चालू ठिवूनच? आमचे अण्णा हुते की तवा."

"याचं उत्तर ज्यानं द्यायला पाहिजे त्याचा नंबर देते," मी म्हणाले. "ऑफिसचा नाही, त्याचा स्वतःचा. लिहून घ्या."

अमेयचा नंबर मला तोंडपाठ आहे. लग्नाआधीपासून त्यानं तो बदललेला नाही. मी एकेक आकडा सावकाश सांगत गेले. उमेशनं तो लिहून घेतला आणि चुकायला नको म्हणून मला परत म्हणून दाखवला.